व्याह्यांच्या व्हिस्कीला आलेला वास

तीर्थस्वरूप मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? (मलम दुखऱ्या गुडघ्यालाच लावायचं असतं. तुम्ही समान न्याय म्हणून दोन्हींना लावता, असं मामी सांगत होत्या.)

रविवारी दुपारी आम्ही होणाऱ्या व्याह्यांकडे गेलो होतो. त्यांचा फर्निचरचा कारखाना आहे. पोरांनी आपापसांत ठरवलंय, पण व्याही काही केल्या तारीख देत नव्हते. टेबलावर बाटली होती. आयरिश व्हिस्की, किमतीला बेताची, पण शेवटचे काही महिने बर्बनच्या रिकाम्या पिंपात मुरवलेली. (बर्बन ही दुसरीच एक व्हिस्की. ती पिंप सोडून जाते आणि ही तिथं राहायला येते. भाड्याच्या खोलीला आधीच्या बिऱ्हाडाचा वास असतो, तो हिला लागतो आणि त्यामुळे हिचा भाव वाढतो. आमच्या घरमालकाला हे कळता कामा नये.)

व्याह्यांनी प्रत्येकाला बोटभर ओतली आणि कसला वास येतो ते विचारलं. विहीणबाई मध म्हणाल्या. त्यांचे दीर दातांचे डॉक्टर आहेत, ते व्हॅनिला म्हणाले. आमच्या सौ. सराईतपणे 'भाजलेली साखर' म्हणाल्या, त्याबद्दल मी अजून काही विचारलेलं नाही. मग माझी पाळी. मी चष्मे विकणारा माणूस. ग्लास हुंगला, घोट घेतला, घसा जळला.

"जुन्या कपाटाचा वास येतोय," मी म्हणालो.

सौ.नी टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. व्याह्यांनी ग्लास खाली ठेवला.

"तीस वर्षं लाकूड कापतोय," ते म्हणाले. "पिंपाचं लाकूड ओळखणारा माणूस या घरात आज आला."

मग त्यांनी मला कारखान्यात नेऊन अकरा फळ्या हुंगायला लावल्या. प्रत्येकीला मी वेगवेगळ्या सुरात 'वा' म्हणालो. परत येईपर्यंत तारीख ठरली होती. लेक जिन्यातच माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मलाही जरा भरून आलं.

मामींना नमस्कार. तब्येतीला जपावं.

तुमचा भाचा

ता. क. : सर्दीमुळे मला आठ दिवस कसलाच वास येत नाही. व्याह्यांच्या पाठीमागे कपाट होतं.

आणखी ता. क. : येत्या रविवारी व्याही चार बाटल्या घेऊन आमच्याकडे येताहेत. लेबलं झाकून कुठली कुठल्या पिंपातली ते मी ओळखायचंय. मामींनी सोडायला लावण्याआधी या विषयात तुमचा शब्द शेवटचा असे. वडीलधारे म्हणून या आणि माझ्या शेजारी बसा. बरोबर पिंपाला खोका.

शेवटची ता. क. : तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत पत्रं मामी वाचून दाखवतात, हे आत्ता आठवलं. मामी, वरची ता. क. मोठ्यानं वाचू नये.