मुख्य प्रशिक्षकाची निवड आणि माझी निरवानिरव

मी, झुंबर सहादू शेवाळे, वय अडुसष्ट, सेवानिवृत्त मुख्य प्रशिक्षक, राहणार मखमलाबाद रोड, पंचवटी, नाशिक, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवतो. माझ्या हृदयाची एक झडप कामचुकार असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे. बुद्धी ठिकाणावर असल्याचा दाखलाही त्यांनीच दिला असून तो सोबत जोडला आहे. ज्या महाविद्यालयात लांब पल्ल्याचे धावपटू घडवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, त्या संस्थेच्या अध्यक्षांचे माझ्या बुद्धीबाबत वेगळे मत असू शकते. संस्थेचे नाव लिहीत नाही, कारण त्यांचा वकील माझ्या वकिलापेक्षा महाग आहे.

याआधी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात माझा एकुलता एक मुलगा सुयश याच्या वाट्याला फक्त जुनी सायकल ठेवली होती, तीही चेनशिवाय. ते मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे. वकील म्हणाले, "सर, रद्द म्हटलं की पुरे. कारणं लिहायची गरज नसते." मी म्हणालो, "तुम्हाला नसेल, मला आहे."

कलम १. माझे राहते घर माझी पत्नी मालनबाई हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहील. या काळात कोणीही तिच्यासमोर बसून 'आई, इथे आता टॉवर होऊ शकतो' असे वाक्य उच्चारू नये. तिच्या पश्चात घर सुयशचे.

कलम २. पिंपळगाव बसवंत येथील द्राक्षबागेतील माझा हिस्सा थोरले बंधू बहिरू यांनाच द्यावा. तसाही तो कधी माझ्या हाती आला नाही. मी कॉलेजात असताना ते चारचौघांत म्हणत, "हा नुसता पळतोय. कोण मागं लागलंय याच्या?" बागेसोबत त्यांना माझे शेवटचे वापरलेले बूटही द्यावेत. वजन कमी करायला डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितले आहे असे कळते.

कलम ३. आता ज्या गोष्टीमुळे आधीचे मृत्युपत्र झाले ती गोष्ट.

तीन वर्षांपूर्वी माझी मुदतवाढ संपली आणि संस्थेने नवा मुख्य प्रशिक्षक निवडण्यासाठी समिती नेमली. समितीत तिघे होतो. अध्यक्षसाहेब, अध्यक्षसाहेबांकडे पाहून मान हलवणारे प्राचार्य, आणि निवड पारदर्शक दिसावी म्हणून मी. उमेदवारही तीनच उरले होते.

पहिले श्री. रोहित. अध्यक्षसाहेबांचे भाचे असणे ही त्यांची पात्रता अर्जात लिहिलेली नव्हती, एवढा विनय त्यांच्याकडे होता. कॉलेज रोडवर त्यांची व्यायामशाळा आहे. मॅरेथॉनमध्ये ते नेहमी छायाचित्रकार उभा असतो तेथपर्यंत उत्तम धावतात.

दुसरी अंजली भोये. ही पेठ तालुक्यातली. माझ्याच हाताखाली धावली, पुढे पदव्या घेतल्या, पतियाळाला जाऊन प्रशिक्षणाची पदविका आणली आणि नंतर आमच्याकडेच तासिका तत्त्वावर सहायक म्हणून लागली. तासिका तत्त्व म्हणजे काम दिवसभर आणि पगार तासाचा. स्वभावाने तिखट. माझे आणि तिचे कधीच पटले नाही. मी पोरांना डांबरी रस्त्यावर पळवायचो आणि ती सर्वांसमोर म्हणायची, "सर, हे गुडघे परत मिळत नाय." मुलाखतीतही तिने तेच सांगितले. वर, महाविद्यालयाचे मैदान लग्नांना भाड्याने देणे बंद करा म्हणाली. अध्यक्षसाहेबांनी तिच्या नावापुढे तेव्हाच काहीतरी लिहिले. ते शाबासकी नसावी.

तिसरा उमेदवार सुयश.

त्याने अर्ज केल्याचे मला त्याच्या आईकडून कळले. तो ओझरला एका शाळेत खेळाचा शिक्षक आहे. धावपटू म्हणून बरा होता, माणूस म्हणून माझ्यापेक्षा पुष्कळ बरा. मी समितीतून बाहेर पडतो असे अध्यक्षसाहेबांना सांगितले. ते हसून म्हणाले, "सर, आम्हीही नातेवाईक आहोतच की. आम्ही कुठं बाहेर पडतोय?" नियमावर बोट ठेवावे तर नियमच नव्हता.

मी तिघांनाही एकच प्रश्न विचारला. मोठ्या स्पर्धेच्या सकाळी तुमचा सगळ्यात चांगला धावपटू आजारी असला तर काय कराल?

श्री. रोहित म्हणाले, "सर, आजारी पडणं हा एक माइंडसेट आहे." प्राचार्यांनी हे वाक्य टिपून घेतले.

अंजली म्हणाली, "घरी पाठवीन. आणि तुम्ही ओरडायला फोन केला, तर उचलणार नाय."

सुयशने माझ्याकडे पाहिले. मग म्हणाला, "तुम्ही जे केलं असतं, तेच करीन."

मी माझे मत अंजलीला दिले. बाकी दोन मते भाच्याला पडली आणि पारदर्शक निवड पार पडली. माझे मत सुयशला पडले असते तरी निकाल बदलला नसता. म्हणजे मुलाला न दुखावण्याची संधी मला फुकटात मिळाली होती आणि मी ती घेतली नाही. त्याबद्दल मी येथे खेद व्यक्त करीत नाही. माझ्या तोंडाकडे पाहून उत्तर देणारा माणूस त्या आजारी पोराच्या तोंडाकडे कधी पाहणार होता?

अध्यक्षसाहेब मात्र दिलदार. पुढच्याच आठवड्यात एका लग्नात त्यांनी सुयशच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, आम्ही तर तुझ्या नावाला तयार होतो. पण तुझ्या वडिलांनीच नको म्हटलं. आता बापाच्या पुढं आम्ही काय बोलणार?"

सुयश त्या दिवशी घरी आला, देव्हाऱ्याजवळ उभा राहिला आणि आईला म्हणाला, "मी येत जाईन तुला भेटायला. हे घरी नसताना." त्यानंतर सुमारे दीड वर्ष तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. सून वेदिका सणाला मिठाई पाठवायची, त्यावर नाव मालनबाईचे. नातू रुद्र याचा आवाज मी दुसऱ्या खोलीतल्या फोनवरून ऐकायचो. त्या काळात मी ते सायकलवाले मृत्युपत्र केले. मालनबाईने ते वाचले आणि विचारले, "चेन कुणाला ठेवलीय?"

कलम ४. श्री. रोहित यांच्या कारकिर्दीबद्दल लिहिले नाही तर अन्याय होईल. त्यांनी संघाला नवे टीशर्ट दिले, त्यावर पोरांच्या नावापेक्षा प्रायोजकाचे नाव मोठे. सरावाचे चित्रण करायला ड्रोन आणला. उजेड चांगला पडतो म्हणून सराव सकाळऐवजी दुपारी ठेवला. नाशिकला थंड हवेचे शहर म्हणतात ते वाचून बहुधा.

दुसऱ्या हंगामात विद्यापीठाची क्रॉस कंट्री स्पर्धा आली. संघात निकिता नावाची मुलगी होती, सर्वांत वेगवान. तिला आदल्या दिवसापासून ताप होता. अंजलीने तिला उतरवू नका म्हणून सांगितले. श्री. रोहित यांनी निकिताला बाजूला घेऊन तेच माइंडसेटचे सांगितले आणि तापाच्या गोळ्या देऊन रेषेवर उभे केले. माळरानावरचा मार्ग, वर ऊन. शेवटच्या चढाला ती पडली आणि उठेना.

त्या वळणावर पंच म्हणून सुयश उभा होता. शिक्षकांना अशी कामे फुकटात मिळतात. तो झेंडा टाकून धावला, तिला उचलले आणि खाली आणले. श्री. रोहित म्हणाले, "अहो पंच, हात लावू नका, ती बाद होईल!" सुयश आयुष्यात कोणावर ओरडलेला नाही. त्या दिवशी तो जे ओरडला ते मैदानभर ऐकू गेले म्हणतात. ते शब्द कायदेशीर दस्तात घालता येत नाहीत, नाहीतर मी आवर्जून घातले असते. अंजलीने कोणाची तरी जीप मिळवली आणि दोघांनी मिळून तिला दवाखान्यात नेले.

संध्याकाळी माझा फोन वाजला. स्क्रीनवर सुयशचे नाव पाहून मला आधी वाटले, त्याच्या आईसाठीच असेल.

"बाबा," तो म्हणाला, "निकिता शुद्धीवर आलीय. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं."

मी बरे म्हणालो. तो फोन ठेवेना.

"बाबा, मी त्या जागेवर असतो ना, तर मीही तिला पळवलं असतं. थांबवलं नसतं. मला तुम्हाला जिंकून दाखवायचं होतं."

मी बरोबर ठरलो होतो. असे बरोबर ठरणे वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. मी म्हणालो, "जेवलास का?"

तो म्हणाला, "नाही."

"मग घरी ये. अंजलीलाही घेऊन ये. आई पिठलं टाकतेय."

मालनबाई तेव्हा टीव्ही पाहत होती. तिने आवाज बंद केला आणि काही न विचारता पिठले टाकले.

कलम ५. संस्थेने या प्रकाराची तातडीने दखल घेतली आणि अंजलीला नोटीस दिली. कारण, परवानगीशिवाय स्पर्धास्थळ सोडणे. तिची तासिकाही बंद केली. पुढच्या सोमवारी श्री. रोहित मैदानावर गेले तर तेथे ड्रोन होता, ड्रोन उडवणारा होता, संघ नव्हता. सगळी पोरे गंगापूर रोडच्या बाजूला एका मोकळ्या रानात अंजलीबरोबर पळत होती. निकिता कडेला खुर्ची टाकून बसली होती आणि सर्वांच्या चुका काढत होती.

अध्यक्षसाहेब माझ्या घरी आले. प्रथमच. "सर, तुम्ही सांगा पोरांना. तुमचं ऐकतील."

"मी निवृत्त माणूस," मी म्हणालो. "आपणच हार घालून निरोप दिलात."

"संघच उतरला नाही तर संस्थेची अब्रू काय राहील?"

मालनबाई चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "साहेब, साखर किती घालू? का त्यालाही समिती नेमायची?"

अध्यक्षसाहेबांनी चहा तसाच घेतला. महिन्याभरात श्री. रोहित यांना अधिक मोठे व्यासपीठ मिळाल्याचे जाहीर झाले. ते कोठे आहे हे अद्याप कोणाला कळलेले नाही. अंजलीला मुख्य प्रशिक्षक नेमण्यात आले, तात्पुरत्या स्वरूपात, पुढील आदेशापर्यंत. तो पुढील आदेश अजून आलेला नाही आणि संघ दोनदा विभागात पहिला आला आहे. मैदानावर लग्ने अजून लागतात. फक्त सरावाच्या वेळी नाही. वऱ्हाडाला आडवे जाऊन तिनेच एकदा ते ठरवून टाकले.

कलम ६. माझ्या नावावरील ठेवीच्या व्याजातून पेठ, सुरगाणा भागातून येणाऱ्या मुलींना बूट घेऊन द्यावेत. बूट अंजलीने निवडावेत. मी निवडले तर ती बदलून आणते.

कलम ७. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून अंजली भोये हिला नेमतो. भावनेच्या भरात ती काही सोडून देणार नाही, याची खात्री आहे. मसुदा तिने वाचला आहे. तिचे मत, "सर, लय लांबलंय. आणि गुडघ्यांचं कबूल नाय केलं." व्यवस्थापकाला मत असले तरी मजकुरात बदल करण्याचा अधिकार नाही.

कलम ८. माझ्या नावाने चषक, फलक, स्मृतिदिन यांपैकी काही करू नये. संस्थेने शोकसभा घेतलीच, तर अध्यक्षसाहेबांना बोलायला पाच मिनिटे द्यावीत. ते दहा घेतील, हे गृहीत धरलेले आहे.

कलम ९. अंजलीने सुयशला सहायक म्हणून बोलावले होते. तो नाही म्हणाला. ओझरच्या शाळेतली मुले घेऊन तो रोज सकाळी तेथल्या मैदानावर असतो. संघ असा नाही, काही पोरे जाड, काही आळशी, एक तर धावताना सारखा गातो. मी रविवारी बसने जातो. पहिल्याच रविवारी एका मुलाचे हात चुकीचे चालले होते म्हणून मी आत शिरलो. सुयश लांबून म्हणाला, "बाबा, रेषेच्या बाहेर." मुले हसली. मी बाहेर आलो आणि तेव्हापासून बाहेरच उभा असतो. तेथून सगळे नीट दिसते.

तो मुलांना थांबवतो. दम लागलेल्याला, पाय दुखणाऱ्याला, काही मुलांना तर नुसता कंटाळा आला म्हणूनही. माझ्या काळात मी हे चालू दिले नसते. मी गेलो त्या दिवशी शाळेचा सराव ठेवायचा की सुट्टी द्यायची, हे घरातल्यांनी, अंजलीने किंवा शेजाऱ्यांनी सुचवू नये. मीही सुचवत नाही. ते सुयश ठरवील. प्रशिक्षक तो आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, मोठ्याने वाचून दाखवला आणि साक्षीदारांसमक्ष शुद्धीत सही केली.

झुंबर सहादू शेवाळे

साक्षीदार: १. किशोर दत्तात्रय बागूल, औषध विक्रेते, पंचवटी. २. नाथा लक्ष्मण गायखे, निवृत्त मैदान कर्मचारी, मखमलाबाद.

स्थळ: नाशिक. दिनांक: १० फेब्रुवारी २०२५.