व्हर्नने बसवलेली दुर्बीण

शनिवार, २८ ऑक्टोबर

माझं शिकारीचं मचाण व्हर्नने ब्रेटला देऊन टाकलं. बार चालवणाऱ्या डोरीनने सांगितलं, म्हणजे बातमी पक्की — काल मासे खायला गेला तेव्हा तिच्याच काउंटरवर बसून, तिच्याच हातची ब्रँडी पीत तो हे बोलला. "लोईस कॅम्पवर येईल, पण चुलीपाशी." हे त्याचे शब्द. जावयाला मचाण, भावजयीला चूल.

ओढ्याच्या वळणावरचं ते मचाण माझ्या नवऱ्याने, आर्नीने बांधलं. एकोणीस हंगाम मी त्याच्या शेजारी बसले. तो गेल्यावर एक हंगाम एकटी. धाकटा भाऊ म्हणून शिकारीच्या कॅम्पचा कारभार व्हर्नकडे आला आणि त्याला वाटतं जंगलही त्याच्याकडेच आलं.

निमित्त गेल्या वर्षीच्या त्या नर हरणाचं. एकशे ऐंशी यार्ड, आडवा, स्तब्ध उभा. चुकले. नेम चुकणाऱ्याचा शर्ट कापायच्या रिवाजाप्रमाणे व्हर्नने माझ्या शर्टाचा मागचा तुकडा सुरीने कापला, त्यावर नाव आणि साल लिहून भिंतीवर ठोकला. ते काही लागलं नाही. त्या भिंतीवर आर्नीचे दोन तुकडे आहेत, व्हर्नचे चार. लागलं ते पुढचं. सगळ्यांसमोर म्हणाला, "रायफल आर्नीची आहे गं, पण खांदा आर्नीचा नाही."

रविवार, २९ ऑक्टोबर

रायफल काढली. तिच्यावरची जुनी दुर्बीण आतून धुरकट झाली होती, म्हणून गेल्या हंगामाआधी नवी व्हर्ननेच बसवून दिली होती — कॅम्पच्या जेवणाच्या टेबलावर, वीस मिनिटांत, स्वयंपाकघरातल्या खणात सापडलेल्या पान्ह्याने. मी वर ॲपल पाय बेक करून दिला होता त्याला!

आज भिंग घेऊन नीट पाहिलं. स्क्रूंची डोकी झिजून गोल. दुर्बीण धरणाऱ्या पुढच्या कडीत डावीकडे फट, उजवीकडे कागदही शिरत नाही. नेम धरायची आतली फुली उजवीकडे कललेली. तेवढं एक वेळ चाललं असतं. पण मागच्या बैठकीचा स्क्रू नुसत्या बोटाने फिरला. बोटाने! प्रत्येक बाराला ती बैठक हलणार, मग गोळी कुठेही जाईल.

वर्षभर मी माझ्या खांद्याला दोष देत होते.

सोमवार, ३० ऑक्टोबर

फोन केला नाही. केला असता तर ओरडले असते आणि डोरीनच्या काउंटरवर "लोईस रडली" एवढंच पोचलं असतं.

त्याऐवजी युजीनकडे गेले. बंदुका दुरुस्त करण्यात त्याची चाळीस वर्षं गेली. आता हात थरथरतो म्हणून दुकान बंद आहे, जीभ चालू आहे. रायफल पाहून म्हणाला, हे काम कोणी केलं ते सांगू नकोस, रविवारी मला चर्चमध्ये त्याच्याशेजारी बसायचं असतं.

त्याला विचारलं, काय काय विकत घेऊ? मी दुकानाच्या जाहिरातीतून यादी करून नेली होती. त्याने निम्मी खोडली. कड्या आतून घासायची दांडी — नको, या कड्या सरळ आहेत, घासून बिघडवशील. चुंबकाच्या इवल्याशा पाणसळींची जोडी — नको, दुर्बिणीच्या टोपणावर ठेवतात लोक आणि ते टोपणच सपाट नसतं. दोन गोष्टींवर मात्र कंजूषपणा नको म्हणाला. स्क्रूच्या खाचेत चपखल बसणारी टोकं. आणि ठरलेल्या जोरापर्यंत पोचलं की टक करून सुटणारा स्क्रूड्रायव्हर. "मनगटाला कळतं म्हणणाऱ्यांनीच माझं घर चालवलं," म्हणाला.

बाकी काम तो ओळंबा आणि पत्त्यांच्या जोडावर करायचा. बैठकीची सपाट पट्टी आणि दुर्बिणीचं सपाट पोट यांच्या मधे एकेक पत्ता सरकवत जायचं. जागा घट्ट भरली की दुर्बीण आपोआप सरळ होते. पत्ते माझ्याकडे आहेत. ओळंबा म्हणजे दोरी आणि वजन.

बुधवार, १ नोव्हेंबर

छत्तीस वर्षं दर बुधवारी बाराच्या आत गावच्या पेपराला माझ्या सदराचा मजकूर देते. आज अकरालाच दिला. विषय: दुर्बीण बसवायला काय घ्यावं, काय घेऊ नये. शेवटचं वाक्य: स्वयंपाकघराच्या खणातला पान्हा स्वयंपाकघराच्या खणात ठेवावा.

संपादक म्हणाला, फारच शांतपणे लिहिलंयस. मी म्हटलं, हो.

शनिवार, ४ नोव्हेंबर

तीनदा बसवली. पहिल्यांदा एका बाजूचे स्क्रू आधी पूर्ण आवळले आणि दुर्बीण डोळ्यांदेखत कलंडली. दुसऱ्यांदा घाई केली, तेच. युजीनने हे बजावलं होतं तरीही! तिसऱ्यांदा आळीपाळीने, समोरासमोर, पाव-पाव फेरा. शेवटी स्क्रूड्रायव्हर अठराच्या आकड्यावर टक झाला आणि दोन्हीकडची फट सारखी राहिली.

कोठाराच्या दारात ओळंबा टांगला. रायफलखाली मोठी पाणसळ, बुडबुडा मधोमध. डोळा लावला. फुलीची उभी रेघ दोरीत मिसळून गेली. दोरी दिसेनाच.

रविवार, ५ नोव्हेंबर

व्हर्नचा फोन. चर्चमधून घरी पोचला नसेल तोच.

"पेपरात माझी धिंड काढलीस."

"तुझं नाव कुठे होतं त्यात?"

"सगळं गाव हसतंय."

"म्हणजे गावाला आधीच माहीत होतं, व्हर्न."

मग मोठा श्वास. मग म्हणाला, अकरा तारखेला सगळ्यांबरोबर नेम तपासायला ये, शंभर यार्डांवर कागदी प्लेट, पाच गोळ्या. "एक जरी बाहेर गेली तर मचाण ब्रेटचं, आणि तू बटाटे सोलायचे." नियम त्याच्या वडिलांचा आहे — ज्याच्या पाचही आत नाहीत त्याने कॅम्पवर रायफल उचलायची नाही. इतकी वर्षं कुणाला कडकपणे लावल्याचं आठवत नाही. मला लावायचा ठरला.

मी बरं म्हटलं. 

शनिवार, ११ नोव्हेंबर

पाचही आत. चार तर एका मुठीखाली झाकतील.

व्हर्न शेवटी बसला. नेहमीचा थाट, टोपी उलटी. दोन आत, तीन बाहेर. तीनपैकी एक तर प्लेटमागच्या पुठ्ठ्यालाही नाही, मागच्या मातीत. ब्रेट आपले बूट बघत राहिला.

व्हर्न म्हणाला दुर्बीण सरकली. मी म्हटलं, "नियम तुझ्याच वडिलांचा आहे." शेवटी ठरलं की शुक्रवारपर्यंत त्याने दुरुस्त करून घ्यावी आणि पुन्हा मारून दाखवावं. माझ्यासाठी कोणी शुक्रवार शोधला नसता.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू — फार बरं वाटलं.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

ब्रेट व्हर्नची रायफल घेऊन दारात. युजीनने त्यांना माझ्याकडे धाडलं! व्हर्नचा निरोप नाही, चिठ्ठी नाही. ब्रेट म्हणाला, कड्या ढिल्या झाल्यात असं त्यांना वाटतंय, आणि काकू, मचाण मी मागितलं नव्हतं.

ठेव म्हटलं टेबलावर.

बुधवार, १५ नोव्हेंबर

एकही स्क्रू ढिला नाही. पाणसळ बरोबर, ओळंबा बरोबर. दुकानात बसवून घेतलेली आहे, चोख काम. तरी खात्री म्हणून शंभर यार्डांवर तीन गोळ्या मारल्या. एका नाण्याखाली झाकल्या.

म्हणजे दुर्बीण ठीक, माणसाचाच नेम गेला. शुक्रवारी सगळ्यांसमोर काय म्हणायचं ते रात्रीचं जेवण करताना ठरवलं. खांद्याबद्दलचंच वाक्य, नाव बदलून. मथळ्यासारखं छोटं आणि चोख जमलंय.

गुरुवार, १६ नोव्हेंबर

दुपारी व्हर्न स्वतः आला. खिडकीतून भरपूर ऊन. टेबलावर दोन रायफली — माझी तांबूस अक्रोडाची, त्याची काळी, प्लास्टिकच्या दस्त्याची. तुझी तयार आहे, घे, एवढंच म्हटलं. त्याने माझी उचलली, आपल्या पिशवीत घातली, चेन ओढायला लागला.

"व्हर्न, ती माझी."

त्याने पिशवीत हात घालून दस्त्यावरून बोटं फिरवली. मग हळूच परत ठेवली. डॉक्टरने जूनमध्येच सांगितलंय म्हणाला, डोळ्यांची मधली नजरच जातेय, समोरचंच दिसत नाही. "कोणाला बोलू नकोस, लोईस. मचाण ठेव तू."

उद्या दुपारी सगळे कॅम्पवर जमतील. परवा उजाडताना ब्रेट व्हर्नच्या समोरच्या झाडीत बसणार, मी ओढ्यापाशी, दोघेही त्याच्या गोळीच्या टप्प्यात. उद्या जेवण वाढायच्या आधी मी सगळ्यांना त्याच्या डोळ्यांचं सांगणार आहे. मी सूड उगवतेय, असंच सगळे म्हणतील.