ट्रॅक्टरचं तेल नाही

ज्योत्स्ना,

मी वांगे घेऊन मंडीत चाललो. सून म्हणून आणलेली पोर दुसरं लग्न करून अकोल्याले निघते, तेव्हा दारात उभं राहणं मले जमणार नाही.

अनुपची गाडी तूच ने. तेल बदललं, या वेळी पुस्तकात पाहून, फाइव्ह डब्ल्यू थर्टीच. मागं मी ट्रॅक्टरचं ओतलं अन् धुराचा फिल्टर चोक झाला, तेव्हा त्यानं बॉनेटखाली कागद चिकटवला, ‘बाबा, ट्रॅक्टरचं तेल नाही!’ पोरगा जाऊन दोन वर्षं झाली, कागद तसाच आहे. कोणाले काढू देऊ नको.

नवे जावई बँकेतले हुशार. तेलाचं मात्र त्याइले विचारू नको. दहा हजार किलोमीटर झाले की गाडी इथंच आण. पाच हजारलेच आणली, तरी ‘एवढ्या लवकर काहून?’ म्हणणार नाही.

बाबा