भोंगा वाजला नाही

३ सप्टेंबर
खाडीतल्या चारही पिंजऱ्यांतले सामन मासे मेले. पाण्यातला प्राणवायू उतरला आणि भोंगा वाजलाच नाही – असं हाइनी म्हणतो. रात्री पहाऱ्यावर तोच होता. "जागा होतो गं ताई. पडद्यावर धोक्यातले पिंजरे शून्यच होते." मी जवळ गेले ती त्याच्या तोंडाचा वास घ्यायला. सख्खा भाऊ माझा! वास कॉफीचा होता. तरी विश्वास बसला नाही.

४ सप्टेंबर
मालकीणबाईंनी, ओलुवाने, सगळ्यांसमोर भोंग्याचं बटण दाबलं. भोंगा दणकून वाजला. "भोंगा ठणठणीत आहे. मग झिंगलेलं कोण होतं?" लोक हसले. दारू सोडून केवढा काळ झाला त्याला! हाइनी बुटांकडे बघत राहिला.

६ सप्टेंबर
भोंगा वाजवणारी शेल स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञांची यादी, उघडली. यानुसने लिहिलेली; तो कोपनहेगनला गेला, संगणक माझ्या गळ्यात पडले. सेन्सरचे आकडे पाइपमधून, म्हणजे एका आज्ञेकडून थेट पुढच्या आज्ञेकडे, लूपमध्ये जातात; लूप एकेक पिंजरा तपासतं. प्राणवायू कमी असलेला पिंजरा सापडला की 'कमी' हे व्हेरिएबल, म्हणजे मोजणीचा आकडा, एकने वाढतं. लूप संपल्यावर 'कमी' शून्याच्या वर असेल, तर भोंगा. सरळ तर आहे. चूक कुठेय?

७ सप्टेंबर
त्या रात्रीचे आकडे पुन्हा घालून पाहिले. लूपच्या आत 'कमी' – चार. बाहेर – शून्य. डोकं फुटायची वेळ आली.

८ सप्टेंबर
यानुसला फोन केला. "माझी स्क्रिप्ट? आजवर कुणाची तक्रार नाही!" त्याने फोन ठेवून दिला.
आईकडे गेले. तिने वाळवलेलं मटण कापून पुढे ठेवलं. म्हणाली, "हाइनी काल ओलुवाकडे जाऊन आला. झोप लागली होती, चुकलं, म्हणून सांगून आला." मी ताट बाजूला सारलं.

९ सप्टेंबर
कळलं. पाइपनंतरचं लूप वेगळ्याच शेलमध्ये, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या दुसऱ्याच तात्पुरत्या खोलीत, चालतं. त्याला 'कमी'ची फक्त नक्कल मिळते. ते बिचारं तिथे चारपर्यंत मोजतं, आणि ते शेल मिटलं की आकडाही गेला. बाहेरच्या 'कमी'ला कुणी हात लावलेलाच नसतो. बटणाचा आणि स्क्रिप्टचा काही संबंध नाही, म्हणून बटणावर वाजला. एरवी तो कधी वाजणारच नव्हता!
पाइप काढला, लूपला आकडे थेट फाइलमधून दिले. बाहेर चार. भोंगा वाजला. मी टेबलावर डोकं टेकून रडले.

१० सप्टेंबर
हाइनीला सांगितलं, पडद्यावर खरंच शून्य होतं, तू जागाच होतास.
तो खाडीकडे वळला. मग म्हणाला, "नक्की ना, ताई?"