सरावाचा शेपू

मानोरा,
दसऱ्यानंतरचा गुरुवार

प्रिय शुभांगी,

परवा तू फोनवर विचारलंस, बाळंतपणाला तिकडे येऊ की इथेच राहू. मी म्हणालो, पुण्यात दवाखाने चांगले आहेत, तिथेच राहा. तू "बरं" म्हणालीस. फोन ठेवल्यावर, जे बोललो ते मला म्हणायचं होतं की नव्हतं, हेच मला कळेना. फोनवर मला नीट बोलता येत नाही, तुला माहीत आहे. म्हणून लिहायला बसलो.

तुझी आई जाऊन दीड महिना होऊन गेला. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच सांगतो, "बिचारीच्या नशिबात नातवंडाचं तोंड पाहनं नव्हतं." मी मान हलवतो. पण मला ते पुरतं पटत नाही, आणि खोटं आहे असंही म्हणता येत नाही.

चैत्रात तुझी गोड बातमी आली, त्याच दिवशी तिनं विहिरीजवळच्या वाफ्यात शेपू टाकला. बाळंतिणीला शेपू लागतो हे ठीक. पण तो दीड महिन्यात काढायला येतो, आणि तुझे दिवस भरणार मार्गशीर्षात. जन्मभर बाजाराचा दिवस धरून मागे मोजत भाजी पेरणारी बाई एवढी कशी चुकली, मला समजेना. विचारलं तर हसली. "हा सरावाचा हाय. मले वाट पाहाची सवय लागू द्या." ज्येष्ठात दुसऱ्यांदा टाकला, आषाढात तिसऱ्यांदा. शेपूला आपल्याकडे गिऱ्हाईक कमी. तरी बाजारात जुड्या पुढ्यात मांडून ती "बाळंतिणीची भाजी घ्या" म्हणायची. तांड्यावरच्या मोतीबाईनं एकदा विचारलं, "कोन बाळंत झालं वं?" तर म्हणते, "अजून कोनीच नाई. पन व्हनार हाय नं!" दोघी इतक्या हसल्या की शेजारचा मिरचीवाला उठून पाहायला लागला.

मला ते आवडत नव्हतं. तुझ्याआधीचं आमचं लेकरू राहिलं नाही, हे तुला ठाऊक आहे. त्या वेळी मी मोठ्या हौसेनं पाळणा आधीच आणून ठेवला होता, हे मात्र कधी सांगितलं नाही. तो रिकामा पाळणा मीच परत नेऊन दिला. तेव्हापासून आधी आनंद करायची मला भीती वाटते. म्हणून तिला दटावायचो, आतापासून बाळाच्या गोष्टी करू नको. ती म्हणायची, "मंग कवा करू? लेकरू आल्यावर तं आंग धुवाले फुरसत नाई भेटत." तेव्हा मला राग यायचा. आता वाटतं, ते गेलेलं लेकरू तिचंही होतं. मग तिला भीती काहून वाटली नाही?

पोळ्याच्या आदल्या दिवशी ती गेली, तेव्हा तिसरा शेपू काढायला आला होता. तसाच फुलावर गेला. तेरवी झाल्यावर मी तो उपटून बकऱ्यांना टाकला. टाकताना मनात आलं, लोक म्हणतात तिला काहीच मिळालं नाही. पण चार महिने ती रोज सकाळी खुशीत उठत होती. बाळाला कडेवर घेऊन कोणत्या बांधावरून फिरायचं, तेही ठरलेलं होतं. मी तिच्याच शेजारी बसून जेवत होतो, आणि त्यातलं माझ्या वाट्याला काही आलं नाही. कीव कोणाची करावी, तिची की माझी, मला खरंच कळत नाही.

शेजारच्या जिजाबाई दोनदा येऊन गेल्या. "भाऊ, पोरीले घेऊन या. शेक-मालिश मी पाहतो. तुमाले काय, नुसतं दारात उभं राहाचं हाय. तेवढं तं जमते का नाई?" मी त्यांनाही पुण्याच्या दवाखान्याचं सांगितलं. त्या निघून गेल्या.

काल बाजारात मोतीबाईनं विचारलं, "भाऊ, पोरगी कवा येऊन राह्यली?" येत नाही, असं अगदी तोंडाशी आलं होतं. पण मी म्हणालो, "दिवाळी झाली का येते." असं का बोललो, ठाऊक नाही. आणि घरी येईपर्यंत सगळा रस्ता मला बरं वाटत होतं. तुझी आई जाऊन इतके थोडे दिवस झालेत, वर मी खोटं बोललो, आणि मला बरं वाटलं. मग लाज वाटली. मग पुन्हा बरं वाटलं. हे बरोबर की चूक, मला ठरवता येत नाही, तूच काय ते समजून घे. दवाखान्याचं तर निमित्त होतं. चांगले दवाखाने वाशिमलाही आहेत. मला वाट पाहायची भीती वाटत होती, एवढंच. तू ये. डॉक्टरांना विचार, जावईबापूंशी बोल, आणि कोणत्या दिवशी निघता ते कळव. पुढे दिवस बदलला तरी चालेल, पण एक तारीख मला आताच सांग.

तुझाच,
बाबा