एमिलच्या शेतातला मका

फेअरफॅक्स, व्हर्जिनिया
७ फेब्रुवारी १९९४

ती. वेर्नाताईस,
डेल्मरचा सा. न. वि. वि.

तुझे कोलाचे, ते जॅम भरलेले गोड पाव, पोचले. निम्मे तुझ्या भावजयीने, रोझलिंडने, लपवून ठेवलेत. बातमी अशी, की रशियाशी भांडण मिटल्यापासून आमच्या शेतीखात्यात माणसं जास्त झालीत. आपणहून नोकरी सोडणाऱ्याला सरकार एकरकमी पैसे देतंय. मी अर्ज टाकलाय, पण कामाच्या माणसाला सोडत नाहीत म्हणे. नामंजूर झाला तर उन्हाळ्यात पुन्हा परदेशी बदली, आणि यावेळी आपण येणार नाही, असं रोझलिंडने निक्षून सांगितलंय. तिच्याशिवाय जायची मला भीती वाटते, ताई.

एमिल भावोजींना सांग, ज्वारीच्या बियाण्याचं विचारून कळवतो.

तुझा,
डेल्मर

विल्बर, नेब्रास्का
१९ फेब्रुवारी

चि. डेल्मर यास अनेक आशीर्वाद.

जीव टांगणीला लागलाय. रोझलिंडने किती देशांत संसार मांडला आणि मोडला! चूक तिची नाहीच. एमिल विचारतो, रशियाशी भांडण मिटलं तर शेतीखात्यात माणसं जास्त कशी होतात? मी त्याला गप्प केलं. निकाल लागला की आधी फोन कर.

वाट बघणारी,
वेर्ना

फेअरफॅक्स
११ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

फोनवर तुला 'मंजूर' एवढं सांगितलंच. रोझलिंडने बॅगा माळ्यावर टाकल्या आणि शिडी शेजाऱ्यांना देऊन टाकली. किती हलकं वाटतंय!

आता वरून परवानगी मिळालीय म्हणून सांगतो. मी शेतीखात्यात कधीच नव्हतो, हेरखात्यात होतो. भावोजींच्या प्रश्नांची उत्तरं खऱ्या शेतीखात्याला फोन करून विचारायचो. रागावू नका.

तुमचाच,
डेल्मर

विल्बर
२० एप्रिल

चि. डेल्मर यास अनेक आशीर्वाद.

वेड्या, रागावू कशाला? आमच्या कोवळ्या ज्वारीपुढे उभा राहून मका झकास आलाय म्हणालास, तेव्हाच आम्ही ओळखलं. एमिल हसू दाबत कोठारामागे पळाला होता. काही विचारायचं नाही, असं आईने आम्हा दोघांना बजावलं होतं.

बियाणं एमिलला दुकानदार सांगतोच. पण तुला विचारलं, की तुझा फोन यायचा, आणि तू सुखरूप आहेस एवढं आईला कळायचं.

उन्हाळ्यात दोघं या. आता एमिल तुला बियाण्याचं विचारणार नाही. तरी फोन करत जा.

माया आहेच, येणंजाणं वाढू दे.
तुझी ताई