सगुणाचं उत्तर

४ नोव्हेंबर. सकाळ.
आरोग्य सर्वेक्षणाची मुलगी आली होती, भाविका. साठीपुढच्या माणसांना प्रश्न : तुमची तब्येत तुम्हाला स्वतःला कशी वाटते? उत्तम, चांगली, ठीक, वाईट. मी उत्तम सांगितलं. वय एकाहत्तर, गुडघे सोडले तर बॉडी फर्स्ट क्लास. सगुणा आतून म्हणाली, माझं वाईट लिही गो बाय. बायको असून असं!

दुपार.
भाविका शेजारी सांगत होती, भिंतीपलीकडून ऐकलं. रिपोर्ट चांगले असले तरी स्वतःला वाईट म्हणणारी माणसं लवकर जाताना दिसतात म्हणे. बरोबरच आहे. लिलावात पहिली बोलीच खाली लावली तर पापलेटचासुद्धा भाव पडतो. सगुणाचं उत्तर बदलून घेणे. अर्ध्या दिवसाचं काम.

५ नोव्हेंबर.
भाविकाला मांडवी बंदरावर गाठलं. म्हणाली, काका, उत्तर ज्याचं त्याचं, नवऱ्याला बदलता येत नाही. दोन ताजे सरंगे मासे देऊ केले. हसली. काकूंना डॉक्टरकडे न्या म्हणाली. नेतो. पुरावाच आणतो.

१२ नोव्हेंबर.
सगळे रिपोर्ट नॉर्मल! फाईल सगुणापुढे ठेवली. म्हणाली, फाईल बरी आहे ना, मग तिलाच बसवा मासे कापायला.
थट्टा करते म्हणजे ठणठणीत आहे.

२० नोव्हेंबर.
ट्रेनिंग सुरू. रोज चहाबरोबर तीनदा ‘उत्तम’ म्हणायचं. ती म्हणाली, तुम्हीच म्हणा, तुमचा आवाज मोठा. म्हटलं. दोघांच्या वाटचं, सहा वेळा.

१ डिसेंबर.
मुंबईहून नितेशचा फोन. आई बोलताना दमते, येऊ का? म्हटलं, सुट्टी फुकट घालवू नकोस, आईचे रिपोर्ट पाठ आहेत मला. फक्त जिन्यात मध्येच बसते. पायऱ्याच उंच आहेत. गवंडी बोलावणे.

९ डिसेंबर.
बांगड्याचं तिखलं केलं, स्वतः खाल्लं नाही. वास नको वाटतो म्हणे. मासेवाल्याची बायको! डॉक्टर म्हणतात, कोल्हापूरला नेऊन मोठी तपासणी करा. नॉर्मल माणसाची? जानेवारीत बघू. बोलीत घाई करणारा बुडतो, एवढं शिकूनच डोक्यावरच्या पाटीवरून दोन टेम्पोंवर आलो.
गवंडी आला नाही.

१८ डिसेंबर.
बंदरावरचा जुना दोस्त काशीराम आला होता. चहा पिताना म्हणाला, वहिनी किती खंगली रे. म्हटलं, डाएट. तो बशीकडे बघत बसला. हल्ली त्याला विनोद कळत नाहीत.

२३ डिसेंबर. सकाळ.
सगुणा स्वतःहून म्हणाली, उत्तम. मी विचारलंही नव्हतं. चहा तसाच होता. माझा हात धरून म्हणाली, आता झालं ना तुमच्या मनासारखं? आता दमू नका.
पन्नास वर्षं बंदरावर माणसांचे आवाज ऐकले. समोरच्याचं मन राखायला काढलेला आवाज मला कळतो.
नितेशला फोन केला. म्हटलं, ये. रजा कधीची टाकू, विचारत होता.
म्हटलं, रजेचं नंतर. मिळेल ती गाडी पकड.